डेंटलच्या क्लिनिकमधला ताण: हात थरथरतो, कोटा राहतो, वाचलेलं आठवत नाही, मग नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेंटलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, क्लिनिक सुरू होऊन काही महिने झालेत. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या की हात थरथरायला लागतो, पेशंट ऐनवेळी येत नाहीत म्हणून कोटा, म्हणजे टर्ममध्ये पूर्ण करायच्या कामांची ठरलेली संख्या, अडकलाय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचूनही व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंडातून शब्द फुटत नाही, ज्याला विचारावं तो म्हणतो मेडिटेशन कर, आणि शेवटी तिने विचारलंय की बाकीचे हे सगळं निभावतात तरी कसं, की हे फील्ड माझ्यासाठी नाहीच.

मी डेंटल कॉलेजमध्ये कन्झर्व्हेटिव्ह आणि एन्डो, म्हणजे फिलिंग आणि रूट कॅनालचा विषय, शिकवते, बरीच वर्षं झाली, संध्याकाळी स्वतःची प्रॅक्टिस असते. विद्यार्थ्यांशी बोलायची सवय आहे म्हणून तुलाही 'तू'च म्हणते, चालेल ना.

तुला वाटतंय तू एक प्रश्न विचारलास, पण मला त्यात चार दिसतात. एक हाताचा, एक पेशंटचा, एक अभ्यासाचा आणि एक 'मी कमी पडतेय का' हा. रात्री अंथरुणावर पडल्यावर हे चारही एकत्र येतात आणि मग त्याला आपण 'टेन्शन' असं एकच नाव देतो, आणि त्या एका नावाला एकच औषध शोधत बसतो. तिथेच घोडं अडतं. पेशंट न येण्यावर मेडिटेशन हा उपाय नाही, आणि सर सगळ्यांसमोर बोलले त्याचं जे वाईट वाटतंय त्यावर टाइमटेबल हा उपाय नाही. रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हेच नीट मांडलंय, की ताणाशी सामना दोन प्रकारे होतो, एक म्हणजे ज्या गोष्टीमुळे ताण येतोय तीच बदलायची, आणि दुसरा म्हणजे ती बदलता येत नसेल तर तिच्यामुळे आपल्या मनात जे होतंय ते सांभाळायचं. दोन्ही लागतात. गडबड होते ती अदलाबदल झाल्यावर, म्हणजे जे बदलता येतं ते मुकाट सोसायचं आणि जे बदलता येत नाही त्यावर रात्रभर डोकं फोडायचं.

आणि तू एकटी नाहीस हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. १९८० मध्ये गार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास डेंटलच्या विद्यार्थ्यांच्या ताणासाठी एक प्रश्नावली तयार केली, ती नंतर कितीतरी देशांत वापरली गेली. त्यात काय काय विचारलंय बघ: क्लिनिकचा कोटा पूर्ण करणं, पेशंट उशिरा येणं किंवा न येणं, एकाच कामावर दोन शिक्षकांनी दोन वेगळी मतं देणं, बारीक हातकाम शिकताना येणारी अडचण, नापास व्हायची भीती. तुझा मेसेज वाचताना मला तीच यादी वाचतेय असं वाटलं. तुझ्या जन्माच्या आधीपासून मुलं याच ठिकाणी अडकतायत, म्हणजे दोष तुझ्या स्वभावात शोधायची घाई नको.

आता मला इथून जे दिसत नाही तेही सांगते. तुमच्याकडे कोटा किती कडक आहे, पेशंट कॉलेज देतं की तुम्हालाच शोधून आणावे लागतात, फी साठी कर्ज आहे का, घरी कोणाचं आजारपण चालू आहे का, डेंटल तू स्वतः निवडलंस की मार्कांमुळे इकडे आलीस, आणि तुला आधीपासूनच ॲन्झायटीचा त्रास आहे का. यातलं एकेक बदललं की उत्तर बदलतं. खाली जे लिहितेय ते बहुतेकांना लागू पडताना पाहिलंय इतकंच, त्यातलं तुझ्या परिस्थितीत बसेल तेवढं घे.

हातापासून सुरू करते कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. हात थरथरणं म्हणजे हाताला कला नाही असं नसतं. प्रत्येक माणसाच्या हाताला बारीक कंप असतोच, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा, एरवी तो डोळ्याला दिसत नाही. घाबरलं की रक्तात ॲड्रेनालिन वाढतं आणि तोच कंप मोठा होतो. त्यात रात्री झोप नाही, सकाळी काही न खाता दोन कॉफ्या ढोसून आलेलो, म्हणजे आगीत तेलच. हे शरीराचं काम आहे, अनुभवी सर्जनचा हातही या नियमातून सुटत नाही, फक्त त्याने तो कंप बरच्या, म्हणजे दात कोरायच्या बारीक पात्याच्या, टोकापर्यंत पोचू नये अशी सोय केलेली असते. आणि ती सोय शिकता येते.

मागच्या एका बॅचमधल्या मुलाचं सांगते. खालच्या मोलरवर, म्हणजे दाढेवर, क्लास टू (दोन दातांच्या मधल्या बाजूच्या किडीसाठी कोरायचा खड्डा) करत होता, एकटा असताना काम नीटनेटकं, मी युनिटजवळ गेले की हँडपीस, म्हणजे बर बसवलेलं ड्रिल, अक्षरशः नाचायला लागायचा. त्या दिवशी मी काही न बोलता मागे उभी राहून फक्त त्याच्याकडे पाहिलं, दाताकडे नाही. मी आल्याचं कळल्याबरोबर त्याचे खांदे कानापर्यंत वर गेले, कोपर अंगापासून लांब गेलं, नीट बघता यावं म्हणून मान पेशंटच्या तोंडात खुपसली, आणि अनामिका जी शेजारच्या प्रीमोलरवर टेकलेली होती ती उचलली गेली. म्हणजे आता त्याच्या हाताला आधारच नव्हता, खांद्यापासूनचा सगळा कंप थेट बरच्या टोकावर येत होता. मी म्हटलं हँडपीस ठेव. स्टूल खाली घे, पेशंटचं तोंड तुझ्या कोपराच्या उंचीला आण, खांदे सोड, अनामिका त्याच ओळीतल्या दातावर टेकव, एक लांब श्वास सोड, आणि मगच फूट कंट्रोलवर पाय. थरथर पूर्ण गेली नाही पण बर जागेवर राहिला, बॉक्स, म्हणजे त्या खड्ड्याचा पेटीसारखा भाग, त्याने स्वतः पूर्ण केला. नंतर तो हेच रोज करायचा, मी शेजारी आले की थांबायचा, टेकू तपासायचा, पुढे जायचा. मला काही म्हणावंच लागलं नाही.

अजून एक, घाबरलेला हात दाबतो. एअर टर्बाइन, म्हणजे हवेवर चालणारा हँडपीस, मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या मारतो, कापायचं काम तो करतो, आपण फक्त दिशा द्यायची असते. जोर लावला की वेग पडतो, दात तापतो, आणि हातात गोळे येतात ते वेगळंच. पेन धरतो तसा धरायचा आणि रंगाचा ब्रश फिरवल्यासारखा हलका हात ठेवायचा. आणि शेजारचा दात खरवडला जाईल या भीतीने हात आखडत असेल तर मधे मॅट्रिक्सची पातळ धातूची पट्टी आणि ती घट्ट धरणारी वेज (पाचर) लावूनच सुरू कर, भीतीचं कारणच काढून टाकलं की हात मोकळा होतो.

सराव कसा करायचा यावरही बोलायला हवं, कारण मुलं म्हणतात मॅडम मी दहा कॅव्हिट्या केल्या तरी फरक नाही. दहा अख्ख्या कॅव्हिट्या करण्यापेक्षा जिथे चुकतंय तो एकच भाग दहादा करणं जास्त उपयोगाचं. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा अभ्यास करून जे मांडलं त्याचा गाभा हाच, की नुसती पुनरावृत्ती नाही, कमकुवत जागा धरून, लगेच चूक दिसेल अशा पद्धतीने केलेला सराव. तुझी अडचण आरशात बघून काम करण्याची असेल तर टायपोडाँटवर, म्हणजे सरावाच्या नकली जबड्यावर, वरच्या मोलरच्या जागी कागद चिकटवून आरशात बघत पेन्सिलीने फक्त आकार काढ, हँडपीस घेऊच नकोस. पंधरा-वीस मिनिटं, रोज. काढलेल्या दातांवर सराव करणार असशील तर निर्जंतुक केलेले घे, पण ज्यात अमाल्गम भरलंय ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नकोस, पाऱ्याची वाफ होते, ते फॉर्मालिनमध्ये ठेवतात.

पण तुझा मूळ त्रास काय आहे? कोणी बघत असलं की हात थरथरतो. मग सराव एकटीने करून तो कसा जाईल? बघणाऱ्या डोळ्यांचाच सराव करावा लागेल. मैत्रिणीला शेजारी उभं कर, हातात पेन आणि कागद दे, तिने एक शब्द बोलायचा नाही, नुसतं बघायचं आणि काहीतरी लिहायचं. पहिल्यांदा विचित्र वाटेल, हसायला येईल, मग सवय होईल. पुढच्या आठवड्यात एखाद्या सीनियरला बोलव. मग क्लिनिकमधे मॅडम बोलवायच्या आधीच तू बोलव, प्लॅन सांगताना, बर लावायच्या आधी. शिक्षक फक्त चूक झाल्यावरच आले तर त्यांचं येणं हीच भीती होऊन बसते, आधीपासून येऊन-जाऊन असले की ती कमी होते. आणि काम दाखवायच्या आधी स्वतःच त्याला मार्क दे, वहीत दोन ओळी, काय जमलं, काय राहिलं. मग विचार, मॅडम, मला गिंजायव्हल फ्लोअर (खड्ड्याचा हिरडीकडचा तळ) सपाट वाटत नाहीये, बरोबर आहे का? असा नेमका प्रश्न आला की उत्तरही नेमकं मिळतं, आणि कामावर बोलणं होतं, तुझ्यावर नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हात थांबावा म्हणून मित्राकडून प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊन परीक्षेला जाणारी मुलं असतात. ते औषध आहे, ज्याला दमा आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं, नाडी आणि बीपी खाली आणतं. डॉक्टरने तुला तपासून दिलं तर गोष्ट वेगळी, तोपर्यंत हात लावू नकोस.

दोन शिक्षक दोन गोष्टी सांगतात तेव्हा काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. एक म्हणतात बॉक्स अजून खोल घे, दुसरे म्हणतात एवढा का कापलास. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, एक धरून बोलतात की रिस्टोरेशन (फिलिंग) टिकलं पाहिजे, दुसऱ्याचा कल दात वाचवण्याकडे असतो. ज्यांची सही आहे त्यांना कापायच्या आधी विचार आणि कारणही विचार, "या केसमध्ये असं का?" एवढंच. कारण कळलं की दोन विरुद्ध मतं दोन मुद्दे म्हणून डोक्यात राहतात. दुसऱ्या सरांचं नाव मधे आणून वाद मात्र घालायचा नाही, त्यातून तुझ्या हाती काही लागत नाही.

आता पेशंट. पेशंट येणं तुझ्या हातात नाही, पण कोट्याची आखणी आहे, आणि खूप मुलं दोन्ही गोष्टी नशिबावर सोडतात. एक साधा तक्ता कर. पेशंट कोण, कोणतं काम, कुठवर आलंय, अजून किती भेटी लागतील, लॅबचं काम कुठे अडकलंय. मग शिल्लक भेटींनुसार लाव. कम्प्लीट डेंचरला, म्हणजे पूर्ण कवळीला, प्रायमरी इम्प्रेशन (पहिलं माप), मग बॉर्डर मोल्डिंग (कडांचा आकार घेणं) करून फायनल, मग जॉ रिलेशन (दोन जबड्यांच्या मेळाची नोंद), ट्राय-इन (मेणावर दात लावून बघणं), इन्सर्शन (कवळी बसवणं), आणि नंतर दुखतंय टोचतंय म्हणून एक-दोनदा परत, शिवाय प्रत्येक भेटीच्या मधे लॅबचे दिवस. असं काम टर्मच्या शेवटच्या महिन्यात सुरू केलं आणि पेशंट एकदा गावाला गेला की तोंडचं पाणी पळतं. उलट स्केलिंग, साधी फिलिंग ही एका भेटीत होणारी कामं, ती पेशंट न आलेल्या रिकाम्या तासांत बसतात. म्हणजे लांबणारी कामं आधी आणि एका भेटीची कामं फटींमध्ये. ऐकायला सोपं आहे, पण मुलं नेमकं उलटं करतात कारण छोट्या कामाची सही लगेच मिळते आणि सही मिळाली की बरं वाटतं.

आदल्या दिवशी फोन कर. आणि फोनवर फक्त 'उद्या या' नको, 'उद्या वरच्या कवळीची मेणाची ट्रायल आहे, तुम्ही बघून सांगितलंत तरच पुढे पक्की कवळी होईल' असं सांग. का यायचंय हे कळलेला पेशंट जास्त येतो. पहिल्याच भेटीत त्याला खरं सांग की मी विद्यार्थिनी आहे, प्रत्येक टप्प्याला शिक्षक तपासतात, म्हणून बाहेरपेक्षा दुप्पट वेळ लागेल. जे ऐकून नको म्हणतात ते पहिल्याच दिवशी जातात, चौथ्या भेटीला नाही. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून यादी ठेवा, एकीचा पेशंट आला नाही आणि दुसरीकडे तिला हवी असलेली केस जास्तीची आहे तर विभागाला विचारून द्या एकमेकींना. कोट्यावरून चढाओढ करणाऱ्या बॅचपेक्षा अशा बॅचचं काम लवकर उरकताना मी पाहिलंय.

तरीही अडकलीस तर शेवटच्या आठवड्यात रडत जाऊ नकोस, टर्मच्या मध्यावर तो तक्ता घेऊन विभागप्रमुखांकडे जा. किती जणांना बोलावलं, किती वेळा आले नाहीत, काय राहिलंय, हे कागदावर असलं की समोरच्यालाही काहीतरी करता येतं. आम्ही शिक्षक शेवटच्या आठवड्यात खरंच फार काही करू शकत नाही, मध्यावर बरंच करू शकतो.

आणि कोट्याच्या दडपणाखाली मोह होतो, ज्या दाताला आरसीटीची (रूट कॅनालची) गरज नाही त्याला ती सुचवायचा, किंवा न केलेल्या कामावर सही मिळवायचा. तो मोह झाला तर समज की ताण आता तुझ्याकडून निर्णय घेतोय. कोटा राहिला तर टर्म वाढेल, पुन्हा करता येईल. निरोगी पल्प, म्हणजे दातातला जिवंत गाभा, काढून टाकला तर तो परत येत नाही.

अभ्यासाचं लवकर सांगून टाकते कारण त्याचं उत्तर तसं सरळ आहे. तू रात्री दोनपर्यंत वाचतेस आणि व्हायवात बोलता येत नाही, यात नवल नाही, कारण तू वाचायचा सराव केलास आणि परीक्षा बोलायची होती. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. म्हणून रात्री वाचून उठताना 'येतंय' असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांचं येणं असतं.

मग कर असं, एक टॉपिक वाच, पुस्तक मिटून टाक, आणि मोठ्याने बोल. खरंच मोठ्याने, भिंतीशी बोललीस तरी चालेल. मैत्रीण असेल तर रोज संध्याकाळी तिने तीन प्रश्न विचारायचे, तू तीन, अर्ध्या तासात संपतं. त्या दिवशी क्लिनिकमध्ये जो पेशंट पाहिला त्याच्यापासून सुरू करायचं, त्याला थंड लागल्यावर कळ किती वेळ टिकत होती, मग पल्पची सूज रिव्हर्सिबल (बरी होणारी) की इर्रिव्हर्सिबल (बरी न होणारी), मग टेस्ट कोणत्या, मग ट्रीटमेंट. पेशंटला बांधलेली थिअरी जास्त दिवस राहते. व्हायवात नाही आलं तर गप्प बसू नकोस, जेवढं माहितीये तिथपासून बोल, "सर, पूर्ण वर्गीकरण आत्ता आठवत नाही, पण क्लिनिकली याचा फरक असा पडतो". परीक्षक म्हणून सांगते, गप्प बसलेल्या मुलाला मदत कशी करायची हेच आम्हाला कळत नाही, दोन शब्द बोललेल्याला पुढचा धागा देता येतो.

आणि झोप. रात्री दोनला झोपून सहाला उठणाऱ्या मुलीला मी कुठलंच तंत्र शिकवू शकत नाही. दिवसा शिकलेलं हातकाम झोपेत पक्कं होतं, पाठांतरही. सात तास झोपून कमी वाचलेलं परवडतं. दुपारनंतर कॉफी बंद कर, कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास जातात, आणि दुसऱ्या दिवशी हात थरथरला की तू दोष नशिबाला देतेस.

इथवरचं सगळं जे बदलता येतं त्याबद्दल होतं, हाताचा टेकू, तक्ता, मोठ्याने उत्तर. राहिला तो चौथा भाग, ज्यात बदलण्यासारखं फार नसतं. सर पेशंटसमोर म्हणाले 'हे काय करून ठेवलंयस', मैत्रिणीचा कोटा झाला माझा नाही, घरच्यांना फोनवर सगळं ठीक आहे सांगावं लागतं. हे तक्त्यात बसत नाही. इथे मन सांभाळायचे उपायच लागतात, आणि ते दुय्यम नाहीत. कोणाजवळ तरी बोलणं, रोज अर्धा तास पायी फिरणं, ज्याची श्रद्धा आहे त्याने देवापुढे बसणं, गाणं, आणि हो, मेडिटेशनसुद्धा. तुला ज्यांनी ते सुचवलं त्यांचं चुकलं नाही, फक्त ते या चौथ्या भागाचं औषध आहे, बाकी तिघांचं नाही. बोलायला मात्र असा माणूस निवड जो लगेच उपाय सांगायला धावत नाही. एक वर्ष पुढचा सीनियर बऱ्याचदा सगळ्यात चांगला, त्याच्या जखमा ताज्या असतात आणि तरी तो पास झालेला असतो.

कडक बोलणं आणि अपमान यात फरक करायला शीक. 'मार्जिन उघडं आहे, परत कर' (म्हणजे फिलिंगच्या कडेला फट आहे) हे कितीही तुटक बोललं तरी ते कामाबद्दल आहे. तुझ्या बुद्धीवर, रूपावर, जातीवर, घरावर कोणी बोलत असेल, वारंवार, तर ते शिकवणं नाही आणि ते सोसत राहणं ही ताकद नाही. तारीख, वेळ, काय बोललं, कोण हजर होतं हे लिहून ठेव, आणि ज्या शिक्षकांवर विश्वास आहे त्यांच्याकडे एकटी न जाता कोणालातरी सोबत घेऊन जा.

आणि बचावाचा एक प्रकार जो वरवर आराम देतो आणि आतून पोखरतो, तो म्हणजे टाळणं. आज क्लिनिकला नको जाऊया, तब्येत बरी नाही. त्या दिवशी खूप हलकं वाटतं, खरंच वाटतं, म्हणूनच तो वाईट. कारण मेंदू शिकतो की न गेल्यामुळे सुटका झाली, आणि पुढच्या वेळी क्लिनिकची पायरी अजून उंच वाटते. तासन्तास मोबाइल स्क्रोल करणं, दारू, झोपेच्या गोळ्या, सगळे त्याच घरातले. ज्या दिवशी जावंसंच वाटत नाही त्या दिवशी पूर्ण काम करायचं ठरवू नकोस, फक्त ॲप्रन घालून जा आणि मैत्रिणीला असिस्ट कर. सक्शन धर. तेवढं पुरतं.

आता शेवटचा प्रश्न, फील्ड माझ्यासाठी आहे का. हा निर्णय परीक्षेच्या महिन्यात आणि झोप झालेली नसताना घ्यायचा नाही, एवढं माझं ऐक. आणि घेताना दोन गोष्टी वेगळ्या कर, तुला दातांचं काम नको आहे की हे कॉलेजचं वातावरण नको आहे. वातावरण संपतं, डिग्रीनंतर कोटा नसतो, मागे कोणी उभं नसतं, आणि फिलिंगशिवायही या क्षेत्रात पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, पब्लिक हेल्थ, शिकवणं असं बरंच काही आहे, जिथे दिवसभर हँडपीस धरावा लागत नाही. पण सुट्टीत, ताजीतवानी असतानाही, तोंडात हात घालायचा विचार नकोसा वाटत असेल तर ते गंभीरपणे घे. मधेच सोडून दुसरीकडे गेलेली मुलंही मी पाहिली आहेत आणि ती नीट आहेत. ज्याने सोडलं त्याच्याशी आणि जो टिकला त्याच्याशी, दोघांशीही बोल.

एक गोष्ट मात्र सुट्टीची वाट बघायची नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, जेवण-झोप पार बिघडलेली, स्वतःबद्दल तिरस्कार, असं असेल तर तो अभ्यासाचा ताण राहिलेला नाही, तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. कॉलेजचे काउन्सेलर, नाहीतर मेडिकलच्या सायकियाट्री ओपीडीत जा, जसं पेशंटला सूज आली की आपण थांबत नाही तसं. आणि जीव नकोसा वाटतोय, स्वतःला काही करून घ्यावं असा विचार एकदाही आला असेल, तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांग आणि हेल्पलाइनला किंवा इमर्जन्सीला फोन कर, त्या रात्री एकटी राहू नकोस. तुझ्या मेसेजमध्ये तसं काही लिहिलेलं नाही, पण असे प्रश्न वाचणाऱ्या कोणाला तरी याची गरज असते म्हणून लिहिलं.

तू उद्या सुरुवात करणार असशील तर तक्त्यापासून कर, पेशंटचं नाव न लिहिता फक्त काम, कुठवर आलं आणि किती भेटी राहिल्या एवढं इथे टाक. आधी कोणाला बोलवायचं ते आपण मिळून ठरवू.